दोन कॉलमची फाईल

नकार इतक्या झटपट आला की थोरलीला आधी वाटलं, ही अर्ज पोचल्याची पोच असेल. तिने बटण दाबलं, चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, तर पडद्यावर पत्र हजर. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. आपल्या पात्रतेचा सखोल विचार केल्यानंतर आम्ही अन्य उमेदवारांची निवड करण्याचं ठरवलं आहे.

“सखोल,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी चष्मा पुसेपर्यंत यांचा सखोल विचार झाला.”

नवरा टेबलाशी बसून मटार सोलत होता. “घाईत असतील,” तो म्हणाला.

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. घरात, शेजारात सगळे तिला थोरलीच म्हणत, आणि कसं कोण जाणे, ते नाव कारखान्यातही पोचलं होतं. धाकटी बहीण तेवढी ताई म्हणायची. औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात थोरली मांडणी विभागाची प्रमुख होती. गोळीचं नाव केवढ्या अक्षरात, मात्रा कुठे, इशारा कोणत्या रंगात, हे तिच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय छपाई सुरू होत नसे. गेल्या वर्षी कारखाना विकला गेला. नव्या मालकाने यंत्रं खोलून ट्रकमध्ये चढवली आणि माणसांशी हात मिळवून त्यांना घरी पाठवलं.

तेव्हापासून ती अर्ज करत होती. रेझ्युमे तिने जीव ओतून केला होता. डावीकडे अरुंद कॉलम, त्यात कौशल्यं आणि भाषा. उजवीकडे रुंद कॉलम, त्यात कामाचा सगळा इतिहास. वर राखाडी पट्टी, पट्टीत नाव आणि फोन. अक्षरांमधली हवा नेमकी. मग त्याची पीडीएफ करून टाकली. वर्डच्या फाईलवर तिचा कधीच विश्वास नव्हता. वर्डची फाईल म्हणजे सैल बांधलेलं गाठोडं, दुसऱ्याच्या घरी उघडलं की सामान इकडचं तिकडे. अशी गाठोडी पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांशी तिने आयुष्यभर वाद घातला होता.

एक अर्ज जायचा, एक नकार यायचा. हा शेवटचा मात्र जिव्हारी लागला. औषधं बनवणारी मोठी कंपनी, खोकी आणि आतली माहितीपत्रकं तपासणाऱ्या विभागाला प्रमुख हवा होता. जागा जणू थोरलीचं माप घेऊन शिवलेली होती.

रविवारी धाकटी आली. ती एका फर्निचर कंपनीच्या भरती विभागात होती. दुसऱ्यांचे अर्ज चाळणं हेच तिचं रोजचं काम.

“कशात पाठवतेस?” तिने विचारलं.

“पीडीएफमध्ये. आणखी कशात पाठवतात?”

“दाखव बघू.”

धाकटीने पान नीट पाहिलं. “सुंदर आहे,” ती म्हणाली. डॉक्टर रिपोर्ट बघून ‘बसा’ म्हणतो, तो सूर होता. “ताई, हे आधी माणूस बघतच नाही. आधी सॉफ्टवेअर बघतं. म्हणजे तेही बघत नाही, फक्त अक्षरं उपसून घेतं. त्याला काय मिळत असेल ते दाखवते.”

तिने सगळं पान निवडलं, कॉपी केलं आणि एका कोऱ्या फाईलमध्ये ओतलं. “प्रत्येक सॉफ्टवेअरचं थोडं वेगळं असतं. पण साधारण हे असं.”

नवरा आजही मटार सोलत होता; तो हात पुसत मागे येऊन उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. “रंगजुळवणी विभागप्रमुख मुद्रितशोधन औषधांची खोकी. भाषा तीन पाळ्यांत अवगत.” तो थांबला. “म्हणजे रात्रपाळीची तुझी भाषा वेगळी आहे का?”

डाव्या कॉलमची एक ओळ, मग उजव्याची एक ओळ, पुन्हा डाव्याची, असं सगळं एकमेकांत शिवलं गेलं होतं. थोरली हसली नाही. ती पडद्यावर खाली-वर काहीतरी शोधत होती.

“माझं नाव कुठे गेलं?”

“पट्टीतली अक्षरं तू चित्र करून टाकलीयेस ना?”

“फॉन्ट बदलू नये म्हणून. छपाईला तसंच देतात.”

“चित्रातलं त्याला वाचता येत नाही. नाव नाही, फोन नाही.”

“म्हणजे इतके दिवस मी बिननावाची जात होते,” थोरली म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकली.

धाकटीने भराभर सांगायला सुरुवात केली. वर्डची फाईल कर. कॉलम एकच. शीर्षकं सरळ: अनुभव, शिक्षण, कौशल्यं. पट्टी नको, तक्ता नको, चित्र नको.

“अगदी उघडाबोडका कागद.”

“उघडाबोडका, पण वाचता येतो. आणि अजून एक. जाहिरातीत जे जे शब्द आहेत ते सगळे शेवटी पांढऱ्या अक्षरात टाक. कागद पांढरा, अक्षरं पांढरी. माणसाला दिसत नाहीत, सॉफ्टवेअरला दिसतात. बरेच जण करतात.”

“मी नाही करणार.”

“का?”

“दिसू नये असं छापायचं? अगं, खोक्यावर कुणी काही लपवत नाहीये ना, हेच बघायचा तर मला पगार होता.”

“बरं, ते राहू दे.” धाकटीने बोट खाली नेलं. “पण हे तरी काढ. मधली चार वर्षं. इथे सॉफ्टवेअर हमखास अडखळतं. इतकी वर्षं रिकामी दिसली की गुण कापतं. आधीची तारीख थोडी पुढे ओढ, नंतरची थोडी मागे. कोण बघतंय?”

ती चार वर्षं वडिलांची होती. त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही अर्धीमुर्धी राहिली. थोरलीने कारखान्यातून रजा घेतली, रजा संपल्यावर नोकरी सोडली, आणि ते गेल्यावर पुन्हा तिथेच रुजू झाली. धाकटी तेव्हा दुसऱ्या शहरात होती. सुट्टी मिळेल तशी यायची.

“ती रिकामी नव्हती,” थोरली म्हणाली.

“मला माहितीये गं. मी नाही म्हणत, सॉफ्टवेअर म्हणतं.”

“सॉफ्टवेअरचे वडील आजारी पडले नसतील. आपले पडले होते. आपले, माझे एकटीचे नाही.”

नवऱ्याने मटारांची सालं गोळा केली आणि गुपचूप आत निघून गेला.

“हे आज काढायचं होतं का तुला?” धाकटीचा आवाज बारीक झाला.

“मी कुठे काढलं? तू पुसायला सांगतेयस.”

धाकटीने पर्स उचलली. चहा तसाच राहिला. दारात चपला घालताना ती म्हणाली, “तुझ्या भल्यासाठी सांगत होते. तत्त्वं कुरवाळत बस.”

पुढचे काही दिवस थोरलीने लॅपटॉप उघडला नाही. कपाटं आवरली, खिडक्या पुसल्या, नवऱ्याच्या शर्टांची बटणं घट्ट केली. घर लखलखीत झालं तेव्हा नवऱ्याला काळजी वाटू लागली.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुझा हट्ट नक्की कशाचा आहे? कॉलमचा, की आणखी कशाचा?”

“शर्ट दे इकडे, एक बटण राहिलंय,” ती म्हणाली. पण रात्री भांडी विसळताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. हाताखालच्या पोरींना ती नेहमी बजावायची की मांडणी आपल्या हौसेसाठी नसते, वाचणाऱ्यासाठी असते. आता पहिला वाचणारा जर असा असेल, आंधळा आणि घाईतला, तर त्याच्यासाठी दोन कॉलम मांडून नटवण्यात काय अर्थ? कॉलम गेले तर तिचं काही जात नव्हतं. पण चार वर्षं गेली तर जात होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वर्डची फाईल केली. एक कॉलम, साधी शीर्षकं, वर साध्या अक्षरात नाव आणि फोन. करताना तोंडाने पुटपुट चालू होती, पण काम चोख झालं. कोऱ्या फाईलमध्ये ओतून पाहिलं, ओळ ओळ सरळ उतरली. आणि ‘अनुभव’ या शीर्षकाखालीच, दोन नोकऱ्यांच्या मधे, तिने लिहिलं: चार वर्षं, घरी. पक्षाघात झालेल्या वडिलांची पूर्णवेळ शुश्रूषा. पांढऱ्या अक्षरात काहीही नव्हतं.

ती फाईल तिने चार ठिकाणी पाठवली आणि मग औषध कंपनीच्या पोर्टलवर गेली. तिथे लाल चौकट आली. या पदासाठी आपला अर्ज नाकारला गेला आहे. सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही. तिने कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत एका गोड आवाजाने तिला पुन्हा पोर्टलवर पाठवलं.

“झालं,” नवरा म्हणाला.

“कुठे झालं? पत्ता आहे ना त्यांचा.”

“अगं, असं कुणी जात नाही आता.”

“म्हणून तर जायचं.”

सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून निघाली. हातात एक फोल्डर, त्यात दोन कागद: तिचा दोन कॉलमचा रेझ्युमे आणि सॉफ्टवेअरला मिळालेली ती खिचडी. कंपनीची इमारत काचेची होती. खाली चकचकीत फरशी, एक लांब टेबल, टेबलामागे स्वागतिका.

“भरती विभागातल्या कुणाला तरी भेटायचंय.”

“वेळ घेतलीय का?”

“नाही.”

“नोकरीचं सगळं पोर्टलवरून होतं, मॅडम.”

“नोकरी मागायला नाही आले. तुम्ही जे नाकारलंत ते काय होतं, ते दाखवायला आलेय.”

स्वागतिकेने तिच्याकडे पाहिलं, मग सुरक्षारक्षकाकडे. सुरक्षारक्षक छताकडे बघत राहिला. इस्त्रीच्या साडीतल्या बाईला बाहेर काढणं त्याच्या जिवावर आलं असावं. “बसा,” स्वागतिका म्हणाली. “पण खात्री देत नाही.”

थोरली बसली. लोक आले, गेले, गळ्यातली कार्डं टेकवून आत शिरले. तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करणाऱ्यांना ती मुद्दाम मान हलवून नमस्कार करत होती. मधे एकदा स्वागतिका म्हणाली, “मॅडम, खरंच उपयोग नाही. उगाच ताटकळताय.” थोरली म्हणाली, “मला सवय आहे. वर्षभर घरी ताटकळलेय, इथे निदान एसी आहे.” तेव्हा स्वागतिकेला हसू आलं आणि तिने पुन्हा एकदा वर फोन लावला.

दुपारी भरती अधिकारी खाली आला. तिशीतला तरुण, हातात जेवणाचा डबा, डोळ्यांखाली काळं. “पाच मिनिटं,” तो म्हणाला, आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

थोरलीने त्याला खिचडीचा कागद दिला. “मोठ्याने वाचा.”

त्याने वाचलं. तीन पाळ्यांपाशी त्याला हसू फुटलं. मग त्याने दुसरा कागद घेतला, दोन्ही शेजारी धरले, आणि हसू विरत गेलं.

“आमच्याकडे शेकड्याने अर्ज येतात,” तो म्हणाला. “सॉफ्टवेअर गुण देतं. एका रेषेखालचे आम्ही उघडतसुद्धा नाही. उघडायला माणसंच नाहीत.”

“तुमच्या पोर्टलवर लिहिलंय, पीडीएफ किंवा वर्ड.”

“पीडीएफ चालते. एका कॉलमची चालते.”

“हे कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही,” तो म्हणाला.

“मग तुम्ही मला नाकारलं नाहीत. तुम्हाला मी वाचताच आले नाही. आणि पत्रात लिहिता, सखोल विचार.”

तो डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्याकडे वर्डची फाईल असेल तर मला मेल करा. मी हाताने आत टाकतो. अजून मुलाखती झालेल्या नाहीत.”

थोरलीला याच गोष्टीची गेलं वर्षभर आस होती. तिच्या फोनमध्ये फाईल तयार होती, एक बोट लावायचा अवकाश होता.

“असे किती असतील?” तिने विचारलं.

“कसे?”

“माझ्यासारखे. वाचताच न आलेले.”

“माहीत नाही. कधी बघितलं नाही.”

“मग मला एकटीला आत घेऊ नका. सगळ्यांच्या फाईली उघडा.”

“मॅडम, तुमचं काम होतंय ना?”

“माझं काम मागच्या दाराने होतंय. मी पुढच्या दाराने अर्ज केला होता.”

“ते माझ्या हातात नाही.”

“उघडणं पण नाही?”

तो उठला. थोरलीने दोन्ही कागद त्याच्या डब्यावर ठेवले, खाली आपला फोन नंबर पेनाने लिहिला, ठसठशीत, आणि निघाली. आपण काय नाकारून आलो हे तिला बस स्टॉपच्या बाकावर बसल्यावर कळलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

“वेडी आहेस,” तो म्हणाला. मग तिला पाणी आणून दिलं. “पण आता गेलीच आहेस, तर उद्या फोन करून विचार, उघडल्या का.”

तिने फोन केला. स्वागतिकेने आता आवाज ओळखला आणि थेट वर जोडून दिलं. अधिकारी म्हणाला, बघतो. परवा पुन्हा केला. बघतोय, म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यानेच फोन केला. आवाज वेगळा होता.

“ज्या फाईलींत सॉफ्टवेअरला नावच सापडलं नव्हतं, तेवढ्या काढल्या,” तो म्हणाला. “या एका पदासाठी ढीग निघाला. मी आणि माझी सहकारी घरी नेऊन वाचल्या. काही जणांना मुलाखतीला बोलावतोय. तुम्हालाही. पुढच्या दाराने.”

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या खुर्च्यांवर ती सगळी मंडळी बसली होती. काम मांडणीचं, म्हणून जो तो मांडणारा. प्रत्येकाच्या हातात एकाहून एक देखणा कागद. शाळेची पुस्तकं रचणारे एक गृहस्थ होते, रंगाच्या डब्यांची लेबलं करणारी एक मुलगी होती. थोरलीने आपली तीन पाळ्यांची गंमत सांगितली, तशी सगळ्यांनी आपापल्या फोनवर आपापली खिचडी करून पाहिली. पुस्तकवाले गृहस्थ ‘पोहणे विभागाचे प्रमुख’ निघाले. लेबलवाली मुलगी ‘विवाहित, स्वच्छ आणि टिकाऊ’ निघाली. आतून कुणीतरी येऊन शांत बसायला सांगितलं.

मुलाखत घ्यायला तिघे होते. मधल्या बाई डॉक्टर होत्या. थोरलीच्या कामाबद्दल त्यांनी बरंच विचारलं. मग कडेच्या गृहस्थांनी तिने येताना आणलेल्या नव्या, एका कॉलमच्या रेझ्युमेवर बोट ठेवलं.

“ही चार वर्षं. हे खरं तर वैयक्तिक माहितीत जायला हवं. अनुभवाखाली कशाला?”

“कारण तो अनुभव आहे.”

“म्हणजे?”

“वडिलांची सकाळची आणि रात्रीची गोळी, दोन्हींची खोकी निळी होती. एकदा त्यांनी उलटसुलट घेतली. तोवर मी खोकी टेबलावर पाहिली होती, भरपूर उजेडात, हात न थरथरता. त्यांच्या हातात ती कशी दिसतात, हे मला घरी कळलं. चार वर्षं रोज कळत होतं.”

“तरी पण, पद्धत म्हणून...”

“ती ओळ आहे तिथेच राहील,” थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण गृहस्थांनी बोट उचललं.

नोकरी तिला मिळाली नाही. ती शाळेच्या पुस्तकवाल्यांना मिळाली. हे सांगायला अधिकाऱ्याने स्वतः फोन केला, त्याला वाईट वाटत होतं. थोरलीलाही वाईट वाटलं, चांगलंच वाईट. त्या संध्याकाळी ती नवऱ्याशी कारण नसताना भांडली. पण फोनवर ती एवढंच म्हणाली, “चांगला माणूस आहे. आणि पोर्टलवर ते लिहिलंत का, पीडीएफ एकाच कॉलमची?”

“वर पाठवलंय.”

“मग पुढच्या सोमवारी विचारते.”

तिने विचारलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही. शेवटी ती ओळ पोर्टलवर आली, आणि अधिकाऱ्याने ‘आता तरी सोमवार मोकळा द्या’ असा निरोप पाठवला.

वर्डच्या चार फाईलींपैकी एकीला उत्तर आलं. एका रुग्णालयाला, घरी जाणाऱ्या रुग्णांना द्यायची सूचनापत्रकं नीट करून हवी होती. जागा लहान, तळघरातली, खिडकी नाही. तिथल्या मुख्य परिचारिकेने रेझ्युमेवरची ती मधली ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, “सोमवारपासून याल?” थोरली गेली.

धाकटीशी बोलणं मात्र तुटलं होतं. वाढदिवस, निरोप, सगळं नवऱ्यामार्फत चाललं होतं. मग एका दुपारी तळघरात फोन वाजला.

“ताई, जेवलीस?”

“जेवतेय. तू?”

“नाही. राहिलं.” धाकटी म्हणाली. “दाजींनी सगळं सांगितलं मला. मग मी सकाळपासून आमच्याकडचे नाकारलेले उघडत बसलेय. सुतार आहेत ताई, चांगले चांगले सुतार. एकाने तर पानाच्या कडेला चौकट कोरल्यासारखी काढलीय. सॉफ्टवेअरला त्यातलं एक अक्षरही सापडलेलं नाही.”

थोरलीने डबा बाजूला सारला. “मग?”

“साहेबांनी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं करायला.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, कुणी नाही. मीच करतेय. आणि संध्याकाळपर्यंत दुसरं काही करणार नाही.” पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. “चल, ठेवते. अजून बरेच आहेत.”